जंपसीटची परवानगी

इथले अनुभव वाचून मी आजवर दात काढत आलोय. तेव्हा आज तुम्ही माझ्यावर हसलात तर फिटंफाट.

मी पायलट. गाव अमडापूर. कॉकपिटमध्ये दोघा पायलटांच्या मागे एक घडीची खुर्ची असते – जंपसीट. विमान भरलेलं असलं की घरी निघालेला आमच्यातला एखादा त्यावर बसून येतो. रिवाज साधे. कॅप्टनची परवानगी स्वतः मागायची, विमान वर चढताना आणि खाली उतरताना तोंड बंद ठेवायचं, निघताना आभार मानायचे. यातलं पहिलं मी हमखास विसरतो. आणि एकदा तर ऐन लँडिंगला कॅप्टनपुढे शेंगदाण्याच्या चटणीचा डबा धरला होता... असो.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एस.टी.चे ड्रायव्हर. त्यांच्या केबिनमध्येही हेच कायदे. "दुसऱ्याच्या गाडीत बसाच्या आधी विचारत जाय बे. स्टेअरिंग ज्याच्या हातात, घर त्याचं. अन् घाटात बोलाचं नाही." विमानात मात्र ते कधी बसले नाहीत. "जे मले चालवता येत नाही, त्यात मी काऊन बसू?"

एके दिवशी दुपारी मी हैदराबादला असताना धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, अण्णाले बुलढाण्याले दवाखान्यात आणलं. लवकर ये." संभाजीनगरचं विमान फुल्ल. जंपसीट तेवढी रिकामी. मी धावत आत शिरलो, बसलो, पट्टा बांधला, आणि मग आठवलं.

"मॅडम, सॉरी... परवानगी विचारायची राहिली."

कॅप्टन नागपूरच्या. मागे न बघताच म्हणाल्या, "तुमचे बाबा आत्ताच विचारून गेले ना. 'पोराले बसू द्या मॅडम, त्याले विचाराची सवयच नाही.' खाकी शर्ट... गोड आहेत हो."

शेजारचा फर्स्ट ऑफिसरही हसला.

मला वाटलं, माझी ख्याती ऐकून चेष्टा चाललीय. तेवढ्यात इंजिन सुरू झालं. बोलायचं नाही. वर गेल्यावर विचारता आलं असतं. नाही विचारलं. खिडकीतून ढग बघत बसलो.

उतरून फोन चालू केला.

"दादा... अण्णा गेले. तू विमानात बसत असशील तेव्हाच."

मी "हाव" म्हणालो. कॅप्टनचे आभार मानले. दारातल्या एअर होस्टेसला विचारलं, मघाशी कॉकपिटात कोण आलं होतं? ती म्हणाली, "तुम्हीच, सर. मी इथून हललेच नाही."

मग टॅक्सी करून बुलढाणा. अण्णांच्या अंगात दवाखान्याचा हिरवा झगा होता. खाकी शर्ट घरी खुंटीला होता.

याचा उलगडा मला आजही झालेला नाही. त्यानंतर एकदा जंपसीटवर मुद्दाम न विचारता जाऊन बसलो. पट्टा बांधला आणि वाट बघितली.

कॅप्टननं वळून चांगलं झापलं. माझ्यासाठी कोणीच विचारून गेलं नव्हतं.