सातवी पेटी

आमच्या तंबूत एक पिक्चर दोन-दोन आठवडे चालायचा. परंड्याची माणसं तोच पिक्चर चारदा बघायची, संवाद आधीच म्हणून दाखवायची आणि तरी शेवटाला रडायची. त्यामुळे दादा, माझा थोरला भाऊ, जेव्हा एका दुपारी म्हणाला की या आठवड्यात तीन नवे पिक्चर आणायचे, सोमवारी एक, बुधवारी एक, शुक्रवारी एक, तेव्हा आप्पा, आमचे वडील, जेवता जेवता थांबले.

"येड लागलंय का तुला? बघणार कोण एवढं?"

"लई लोक बघतील आप्पा. तुमी बघाच."

तंबू आप्पांचा होता आणि मशीन दादा चालवायचा. नवरा पटकीनं गेल्यावर मी वर्षाच्या आत माहेरी परत आले होते, बावीस वर्षांची. घरात बसून राहिले असते तर वेड लागलं असतं, म्हणून दादानं मला मशीनजवळ बसवलं. मशीनच्या दिव्यात उजेड देणाऱ्या कार्बनच्या कांड्या जळत आल्या की पुढं कशा सरकवायच्या, हे मी त्याच्याकडून शिकले. बाईमाणसानं मशीनला हात लावावा का, यावर गावात बरंच बोलून झालं. मग लोकांना सवय झाली.

आमच्याकडं एक रीत होती. नवा पिक्चर आला की त्याच्या पेट्यांना भस्माची तीन बोटं ओढायची. फिल्म फार लवकर पेट घ्यायची. आप्पांचा आधीचा तंबू तसाच जळाला होता, त्यामुळे ही रीत ते कधी चुकू देत नसत. कुंकवाचा मान मला उरला नव्हता, पण भस्माला आम्हा लिंगायतांत कुणाची ना नव्हती. म्हणून ते काम माझं. तंबूत येणाऱ्या सगळ्यांना हे ठाऊक होतं.

तिकडं बार्शीचा मुलूख स्वतंत्र झाला होता. आमच्यावर अजून निजामाचंच राज्य होतं. मधल्या जकात नाक्यावर पूर्वी नुसती पावती फाडायचे, आता गाडीतलं गवतसुद्धा उपसून बघायचे. गावात संध्याकाळी काही लोक भाले घेऊन कवायत करत. बाजार लवकर उठायचा. माणसं बोलता बोलता मागं वळून बघायची.

रविवारी आमचा गाडीवान बार्शीहून पेट्या घेऊन आला. वीस वर्षं तो आप्पांच्या गाडीवर होता. एका पिक्चरच्या दोन पेट्या, म्हणजे तिन्हीच्या सहा व्हायला हव्या होत्या. मी मोजल्या तर सात होत्या.

दादानं मला केबिनमध्ये ओढलं. केबिन म्हणजे पत्र्याची खोली, तिथंच पेट्या ठेवायच्या.

"ह्या शेवटच्या पेटीला हात लावू नको, बाई."

"काय हाय त्यात?"

"काडतुसं. भूमकडची लढ्यातली माणसं गुरुवारी घिऊन जातील. आप्पांना म्हाईत न्हाय, गाडीवानालाबी न्हाय. एवढ्या पेट्यांत ही एक खपून गेली."

तेव्हा मला तीन पिक्चरचा अर्थ कळला. मी त्याला शिव्या घातल्या. गळ्याशी आलं तर तुझ्याबरोबर आप्पांनाही फाशी देतील, म्हणाले. तो हसला नाही. "चारच दिवस," एवढंच म्हणाला.

तो गेल्यावर मी भस्म घेऊन बसले. सहा पेट्यांना तीन-तीन बोटं ओढली. सातवीपाशी हात थांबला. जिच्यात माणसं मारायचं सामान आहे तिला देवाचं भस्म कसं लावायचं? त्या खोट्यात महादेवाला कशाला ओढायचं? असा विचार करून मी ती तशीच सोडली. आपण काहीतरी चांगलं केलं असं वाटलं, हे आज लिहितानाही मला स्वतःची चीड येते.

सोमवारचा पिक्चर देवाधर्माचा होता. तंबू फुटेस्तोवर गर्दी झाली. पडद्याच्या मागच्या बाजूलाही माणसं बसली. बुधवारी रडका लागायचा होता. दिवेलागणीला अमीनसाहेब आले, गावच्या पोलिसांचे वरिष्ठ. दोन वर्षं ते दर पिक्चरला यायचे, पुढं त्यांची खुर्ची ठरलेली, खुर्चीमागं दोन जवान उभे. त्या दिवशी ते आधी केबिनच्या दारात आले. पेट्यांकडं बघत राहिले.

"सबकू राख लगाए, इसकू नक्को क्या?" त्यांनी मलाच विचारलं.

"ऱ्हायली, साहेब." मी भस्माचा डबा उचलला आणि सातव्या पेटीवर बोटं ओढली. घाईत रेघा वाकड्या आल्या.

अमीनसाहेबांनी त्या रेघा पाहिल्या. मग दादाकडं वळून अगदी सहज म्हणाले, "आज इसमें की पिच्चर दिखाव."

"ती शुक्रवारची हाय, हुजूर."

"आज दिखाव." आणि ते जाऊन खुर्चीवर बसले.

दादानं शुक्रवारच्या खऱ्या पेटीतलं रीळ काढलं, मशीनवर चढवलं आणि पिक्चर सुरू केला. मारामारीचा पिक्चर आधीच लागला म्हणून लोकांनी शिट्ट्या मारल्या. दादानं सातवी पेटी खांद्यावर घेतली.

"कार्बनवर ध्यान ठिव. मागं किल्ल्याच्या खंदकात टाकून आलोच."

मागचा पत्रा उचलून तो बाहेर पडला.

मशीनसमोरच्या भोकातून मी तंबूत पाहिलं. अमीनसाहेब खुर्चीवर होते. त्यांच्या मागचे दोन्ही जवान जागेवर नव्हते.

मी दादाला हाक मारायला पत्र्यापाशी गेले, तर कार्बन विझत आला. पडदा काळा पडला. लोक ओरडले. अमीनसाहेबांनी मान वळवून केबिनकडं पाहिलं आणि हातानं खूण केली, चालू दे. तंबूच्या दारावर आप्पा बसले होते. पिक्चर थांबला की काय झालं बघायला ते उठून थेट केबिनमागं, जवानांच्या पुढ्यात जाणार, हे मला ठाऊक होतं. मी परत आले आणि कांड्या पुढं सरकवल्या. खंदकाच्या बाजूनं एक आवाज आला. वीज करणाऱ्या इंजिनाच्या धडधडीत तो नेमका कसला हे सांगता आलं नाही, म्हणून मी तो बंदुकीचा नाही असं ठरवलं. शेवटच्या रिळापर्यंत मी तो पिक्चर दाखवला. अमीनसाहेबांनी तो शेवटपर्यंत पाहिला. जाताना केबिनपाशी थांबून म्हणाले, "अच्छी पिच्चर थी."

दुसऱ्या दिवशी तंबूला सरकारी सील लागलं. पुढं निजामाचं राज्य गेलं, तुरुंग उघडले, गावोगावची माणसं घरी आली. दादा आला नाही. त्याची मातीही आम्हाला मिळाली नाही.

आप्पा रोज एकच विचारायचे. "सात पेट्यांतली नेमकी तीच कशी वळखली गं त्या अमीनानं?"

खरं सांगायला मी कितीदा तोंड उघडलं. शेवटी एकदा म्हणून गेले, "कुणीतरी सांगितलं आसंल."

आप्पा विचार करत बसले. पेट्या कुणी आणल्या, नाक्यावरून त्या कुणी काढल्या, याचा हिशोब त्यांनी मनाशी लावला. दुसऱ्या दिवशी गाडीवान नेहमीसारखा दारात आला तेव्हा आप्पांनी त्याच्या तोंडावर दार लावलं. तो उन्हात बराच वेळ उभा राहिला. "मालक, माझं काय चुकलं?" असं दोनदा विचारलं. मी दाराच्या आत उभी होते आणि बोलले नाही.