वेंडेलच्या अंगणातलं प्लॅस्टिकचं गवत

वाळवंटातल्या मेसा गावात उन्हाळ्यात नळाला गार पाणी म्हणून जे येतं त्यात अंघोळ उरकावी. अशा गावात वेंडेल हॉल्ग्रेनने उभी हयात शाळेचं फुटबॉलचं मैदान हिरवंगार ठेवलं. तो मूळचा नेब्रास्काच्या शेतकऱ्याचा मुलगा आणि गवताच्या बाबतीत त्याच्या हाताला यश होतं. मैदानातून कुणी आडवं गेलं की तो शिट्टी फुंकायचा, मग ते हेडमास्तर का असेनात. पोरं त्याला मागून 'गवतबाबा' म्हणायची. त्याला ते ठाऊक होतं, आणि आतून आवडतही होतं.

मग शाळेने मैदान उखडून तिथे प्लॅस्टिकचं गवत अंथरलं. उद्घाटनाला वेंडेलला मानाने पुढच्या रांगेत बसवलं. भाषणं सुरू व्हायच्या आत तो उठून घरी आला आणि मागच्या अंगणातल्या हिरवळीवर पाण्याचा पाइप धरून उभा राहिला. त्याच वर्षी त्याने नोकरी सोडली. पुढे त्या मैदानावरून जायला नको म्हणून तो दुकानातसुद्धा लांबच्या रस्त्याने जाऊ लागला.

त्यामुळे एका रात्री जेवताना बायकोने जे काढलं, ते त्याच्या घशाखाली उतरेना.

"मागच्या अंगणात टेनिसचं छोटं कोर्ट करायचं म्हणतेय मी," बर्नाडीन म्हणाली.

"करू की. गवत बारीक कापतो, रेघा मारतो, झालं कोर्ट."

"तुझ्या त्या गवतावर चेंडू मेल्यासारखा पडतो. मला कृत्रिम गवताचं हवंय."

वेंडेलने काटा खाली ठेवला. "प्लॅस्टिक म्हण ना सरळ."

"बरं, प्लॅस्टिक."

"माझ्या घरात?"

"घरात नाही, अंगणात. आणि घर माझंही आहे."

बर्नाडीन कॉलेजात असताना टेनिसमध्ये भल्याभल्यांना घाम फोडायची. लग्नानंतरही तिची रॅकेट कधी खुंटीला लागली नव्हती. पण मागच्या हिवाळ्यात खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, खेळा, पण सिमेंटवर नको. गावातली सगळी कोर्टं सिमेंटची. तिने रॅकेट गॅरेजमध्ये टांगली आणि त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. फक्त टीव्हीवर सामना लागला की ती आवाज बंद करून बघत बसायची. ते वेंडेलला दिसत होतं.

जेवणावरच्या त्या बोलण्यानंतर बरेच दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं चाललं. मग एका सकाळी वेंडेल झाडांना पाणी घालून परत येत होता, तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याला बर्नाडीन दिसली. हातात माश्या मारायची जाळी. डावा हात वर करून नसलेला चेंडू उडवायची आणि जाळी फिरवायची. पाय मात्र जागचा हलत नव्हता. पुन्हा उडवायची, पुन्हा फिरवायची. वेंडेल पायरीवरच थांबला. तिचं आटोपल्यावर मुद्दाम बूट वाजवत आत आला.

"ते कोर्ट घालून कोण देतं?" त्याने विचारलं.

"कुठलं?"

"उगाच वेड पांघरू नकोस. पण माझं गवत मी काढणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

आणि खरंच त्याने ते स्वतः काढलं. यंत्र भाड्याने आणून मुळांसकट पट्टे कापले, चटईसारखे गुंडाळले. चर्चच्या मागे पोरांना खेळायला जागा होती, तिथे नेऊन अंथरले, आणि पुढे कितीतरी दिवस रोज जाऊन पाणी घातलं.

कोर्टाचं काम येसेनिया मोंतान्यो नावाच्या बाईने घेतलं होतं. ती आणि तिचे दोन चुलतभाऊ. त्यांनी माती काढली, खडी पसरली, यंत्राने ठोकून ठोकून सपाट केली. वेंडेल ग्रेपफ्रूटच्या झाडाखाली खुर्ची टाकून वाकड्या तोंडाने बघत बसला. प्लॅस्टिकच्या गवताच्या गुंडाळ्या उलगडल्या तेव्हा येसेनिया म्हणाली, "आता थोडा वेळ ऊन खाऊ द्यायचं, मिस्टर वेंडेल. सुरकुत्या जातात."

"माझ्या नाही गेल्या," वेंडेल म्हणाला.

ती खळखळून हसली, आणि त्याच्याही चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला. रेघांची वेळ आली. गवत कापून त्यात पांढऱ्या पट्ट्या बसवायच्या होत्या, त्यासाठी दोरी ताणायची होती. वेंडेल खुर्चीतून उठला.

"दोरी मी धरतो."

"तुम्ही बसा हो, आम्ही आहोत."

"आयुष्यभर रेघाच मारल्यात मी. धरू दे."

"म्हणजे तुम्ही पण खेळाडूच की."

"छे. रेघा मारायच्या आणि बाहेर उभं राहायचं. खेळायला पोरं होती."

येसेनियाने दोरीचं टोक त्याच्या हातात दिलं. मग दिवसभर तो गुडघ्यांवर होता. वाळू पसरून ब्रशने गवताच्या पात्यांत बसवायची वेळ आली, तेव्हा तोही एक ब्रश घेऊन मागे लागला.

प्लॅस्टिक उन्हात तव्यासारखं तापतं. म्हणून पहिल्या दिवशी खेळायच्या आधी वेंडेल त्यावर पाण्याचा पाइप धरून उभा होता. भिंतीपलीकडून शेजारच्या ड्वेनने मान वर काढली.

"काय रे वेंडेल, वाढेल का ते?"

"तुझ्या डोक्यावरच्या केसांपेक्षा नक्की जास्त."

बर्नाडीन रॅकेट घेऊन बाहेर आली. आधी नुसतीच चालली, भिंतीच्या आधाराने. मग आधार सोडला. एका जागी उभी राहून तिने चेंडू मारला. वेंडेलने जुन्या रॅकेटने तो कसाबसा परतवला, तर तो भलतीकडेच गेला. आणि बर्नाडीन धावली. दोन पावलं, पण धावली. चेंडू हुकला. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. वेंडेल घाबरून कोर्टाच्या मधल्या जाळीपाशी आला.

"दुखलं का गं?"

"नाही," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "नाही ना दुखलं. सर्व्हिस कर. आणि रॅकेट अशी फावड्यासारखी धरू नकोस."

पुढे रोज सकाळी ती त्याला शिकवायची आणि रोज हरवायची. चेंडू रेघेच्या आत पडला की बाहेर, यावरून दोघं अशी भांडायची की ड्वेन आपला कॉफीचा कप घेऊन भिंतीशी न्याय द्यायला यायचा. नाताळच्या जरा आधी वेंडेलने पहिल्यांदा एक गेम जिंकला.

"मुद्दाम सोडलास ना?" त्याने तीनतीनदा विचारलं.

"मी? तुला?" बर्नाडीन चिडून म्हणाली. तेव्हा कुठे त्याची खात्री पटली.

तो आत गेला आणि त्याने नेब्रास्काला थोरल्या भावाला फोन लावून सगळा गेम चेंडूगणिक सांगितला.

"वेंडेल," भाऊ म्हणाला, "मी इथे दारातला बर्फ उपसतोय."

"उपस उपस. तर मग तिने बॅकहँड मारला..."

बाहेरून बर्नाडीनची हाक आली, दुसरा गेम खेळायचाय की पळालास म्हणून. वेंडेलने भावाला 'नंतर करतो' म्हटलं आणि बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकला.