म्हाळसाबाईची वाळू

म्हाळसाबाई पहाटे नदीत उतरते आणि वरच्या मळ्यातल्या वीरभद्रप्पाची वाळू कमरेच्या पुरचुंडीत बांधून पळवते, अशी कुजबूज भीमाकाठी होती. सोलापूरच्या बाजारात कलिंगडांच्या ढिगाआडही ती ऐकू यायची. पुरचुंडी पुष्कळांनी पाहिली होती. वाळू कोणी पाहिली नव्हती. पण एवढ्या तेवढ्यावरून पिकलेली कंडी कुणी फेकून देतं होय?

म्हाळसाबाई नवऱ्यामागे एकटी. शेत नाही, पाणी ओसरलं की उघडी पडणारी वाळू तेवढी तिची. तिच्यात खड्डे काढायचे, मेंढरांचं खत भरायचं, माघात कलिंगड लावायचं. तिचं फळ सुरी नुसती दाखवली तरी तडकतं म्हणे. म्हणणारी तीच.

एकोणीसशे तीस सालाच्या आधी कधीतरी, नाव लावायला म्हणून, नावेच्या ठेकेदाराने वरच्या अंगाला वीरभद्रप्पाच्या मळ्याखाली पात्रात दगडी धक्का घातला. दोन पुरांत धक्क्याच्या वरच्या अंगाला वाळूची गादी साचली आणि खाली म्हाळसाबाईच्या वाट्याला उघडा खडक आला. वीरभद्रप्पा सांजचा त्या गादीवर घोंगडं टाकून लोळायचा, जणू सासऱ्याने आंदण दिली होती.

इकडे म्हाळसाबाईने सुक्या भोपळ्यात, राखेत जपलेलं बी म्हातारं होत चाललं. ते मेलं की जावेच्या दारात भाकरी थापायला जायचं, एवढीच वाट उरत होती.

मग पूल झाला, नाव बंद पडली आणि धक्क्याचे दगड निघून चावडीच्या भिंतीत गेले. पहिला पूर ओसरला तेव्हा खडकाच्या खाचांत वाळूची नुसती रेघ दिसली. जाऊ म्हणाली, आता तरी ये. म्हाळसाबाई गेली नाही. दुसऱ्या पावसाळ्यात ती काठावर पडून राही. अर्धवट झोपेत तिला पाण्याखालून एक लांबच लांब कळप चालल्यासारखी खसखस ऐकू येई. कळप वीरभद्रप्पाकडून निघालेला, घाई नसलेला, वाटेत थांबत, वळत, तिच्याकडे येणारा. झोपेतच ती त्याला हळूच हाकारी.

माघात खडकावर पूर्वीसारखी वाळूची पांढरी, मऊ पाठ पसरली होती. वर वीरभद्रप्पाच्या घोंगड्याखाली चिखल लागला. तो तडक खाली आला.

“म्हाळसे, माजी वाळू हितं कशी?”

“आप्पा, तुमची हुती तर दावं लावून बांदायची की.”

“आन् कमरंला काय हाय?”

“उबवतीया,” ती म्हणाली आणि खड्डा उकरू लागली.

उत्तराने त्याचं समाधान झालं नाही. गावाचं मात्र पुरतं झालं.

पुरचुंडीत कलिंगडाचं बी होतं. ओल्या फडक्यात, अंगाच्या उबेला मोड यावेत म्हणून बांधलेलं. मूठभर बियांना मोड आले, ते तिने लावले. वाळू धक्क्याने अडवली होती. धक्का काढल्यावर पुराने ती खाली आणली.