फुटणारं काहीतरी

काचसामानाच्या कारखान्यात त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. एकतीस वर्षं ते पॅकिंग खात्यात होते, त्यातली शेवटची बारा मुकादम म्हणून, आणि दिवसातून शंभर वेळा त्यांच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडायचा: "सावकाश!" हमालाला सावकाश, ट्रकवाल्याला सावकाश, एकदा तर जिना उतरणाऱ्या खुद्द मालकाला सावकाश. त्या दिवसापासून ते सावकाशराव झाले, आणि निवृत्तीनंतरही सावकाशरावच राहिले.

घरी आलेल्या पाहुण्याला खुर्ची द्यायच्या आधी ते एक गोष्ट ऐकवतात: आपण बांधून पाठवलेला एकही ग्लास एकतीस वर्षांत फुटला नाही. आणि पाहुणा कौतुक करायला तोंड उघडतो न उघडतो, तोच स्वतःच पुढे जोडतात, "माणसं सांभाळून ठेवायचं खातं वेगळं होतं. तिथे आमची कधी बदली झाली नाही." पुढची सगळी हकिगतही ते अशीच सांगतात, स्वतःला एकही टोमणा कमी न मारता.

त्यांना एकुलती एक लेक. घरात तिचं नाव ठकी. परदेशात तळ ठोकून असलेल्या लष्कराच्या तुकडीत ती ट्रकांची इंजिनं दुरुस्त करते आणि हाताखालचे आठ जण तिला सलाम ठोकतात. चार वर्षांपूर्वी तिने भरती होत असल्याचं सांगितलं, तेव्हा सावकाशराव म्हणाले होते, "इंजिनंच उघडायची तर इथली गॅरेजं काय ओस पडलीत?" लेकीचा चेहरा उतरला. वाक्य चुकलं हे त्यांना तत्क्षणी कळलं, आणि पुढची चार वर्षं ते दुसरं, जरा बरं वाक्य शोधत राहिले. ते काही सापडेना. दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन यायचा. "कशी आहेस? बरी ना? आईला देतो." एवढ्याला अकरा सेकंद लागतात, हे त्यांनी घड्याळ लावून मोजलं होतं. बोलायला काही सुचत नव्हतं, मोजायला मात्र सुचत होतं.

वर्षअखेरच्या सुट्ट्यांसाठी दरवर्षी तिला घरून एक खोका जायचा. वस्तू निवडायची बायको, बांधायचे सावकाशराव. बायको शाळेत शिवण शिकवायची, त्यामुळे भेटी तिच्या धंद्यातल्या असत: मोजे, मफलर, हातमोजे. फुटण्यासारखं त्यात काही नसे. पण सवयीला औषध नाही. सावकाशराव मोज्यांचा एक जोड वर्तमानपत्राच्या अकरा पानांत बांधायचे. सपाट कागद माल वाचवत नाही, चुरगळलेला वाचवतो, हा त्यांचा सिद्धान्त. प्रत्येक पानाचा बोळा करून ते मोज्यांभोवती असा ठासायचे, की त्या मोज्यांवरून रणगाडा गेला असता तरी एक टाका उसवला नसता.

हे पेपरही साधे नसत. कारखान्यात पेट्यांवर 'काच' लिहायची जाड लाल पेन्सिल त्यांनी निवृत्तीच्या दिवशी खिशात घालून आणली होती. रोज सकाळी ती घेऊन ते पेपरशी भांडायला बसत आणि समासात शेरे मारत. त्यामुळे त्यांचा पेपर शेजारी कोणी मागत नसे.

यंदा ऑक्टोबरातच बायकोने हात वर केले. "या खेपेला भेट तुम्ही निवडा. घरात बाप पण आहे, हे तिला कळू दे."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"मलाही काय कळत होतं? मी मोजे पाठवत गेले. आता मार्चमध्ये तिची मुदत संपून ती घरी येईल. त्याच्या आत एकदा तरी ती फोनवर 'बाबांना दे' म्हणाली पाहिजे. तसं काहीतरी पाठवा."

हे सावकाशरावांच्या मनाला लागलं, कारण त्यांनाही नेमकं तेच हवं होतं. चार वर्षांत लेकीने एकदाही त्यांना फोनवर बोलावलं नव्हतं, आणि बोलवावं असं त्यांनी काही केलंही नव्हतं. आता एक चांगली भेट पाठवायची, की झालं. मोठ्या थाटात ते बाजारात निघाले. शर्टाच्या खिशात लष्करी टपालाच्या नियमांचा कागद होता: द्रव नको, बॅटरी नको, आठ किलोच्या वर नको.

पहिल्या दुकानात काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "कोणासाठी हवंय?"

"लेकीसाठी."

"काय काय आवडतं त्यांना?"

सावकाशरावांनी खिशातला टपालाचा कागद काढून पाहिला. एकोणतीस वर्षांच्या आपल्या मुलीला काय आवडतं, हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलाच नव्हता. शेवटी म्हणाले, "इंजिन ऑइल."

मुलीने निमूटपणे अत्तराची बाटली पुढे केली. द्रव. दुसऱ्या दुकानात त्यांनी छत्री उघडून पाहिली. ठकीच्या तळावर वर्षातून दोनदा पाऊस पडतो, तोही विचारपूस केल्यासारखा. तिसऱ्या दुकानात गजराचं घड्याळ. तिला रोज पहाटे बिगुल उठवतो, वर गजर म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. खरं सांगायचं तर घोडं वेगळ्याच ठिकाणी पेंड खात होतं. वस्तू हातात आली की सावकाशराव ती कानाशी नेऊन हलवत, बोटाने कोपरे ठोकत, आणि ही बांधायला काय लागेल याचा विचार करत. लेक डोक्यातून कधीच निघून गेलेली असे.

आणि मग चौथ्या दुकानात त्यांना ते दिसलं. काचेच्या घुमटाखालचं चावीचं घड्याळ. पातळ काच, आत लोंबकळणारा पितळी लोलक, खाली बारीक संगमरवरी पाया. तीन कमकुवत जागा! असा माल आख्ख्या नोकरीत दोनदाच हाताखालून गेला होता. सावकाशरावांचे डोळे चमकले. पुढच्या दहा मिनिटांत घड्याळ घरी.

बायकोने घड्याळाकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने पाहिलं. "तिच्या तंबूत?"

"फुटणार नाही. माझी हमी."

"फुटेल का, हे मी विचारलंच नाही. तंबूत ते ठेवायचं कशावर?"

"खोक्यावर. खोकाच असा करतो, की त्यावर माणूस उभा राहील."

एवढी मानाची भेट, परदेशी जायची, आणि ती काय रद्दीत गुंडाळायची? साठलेले पेपर त्यांनी रद्दीवाल्याला देऊन टाकले आणि हवेच्या फुग्यांचं नवंकोरं प्लास्टिक आणलं. दोन दुपारी खपून खोका तयार केला. नाकापेक्षा मोती जड झाला, पण झाला. टपाल कचेरीतल्या कारकुनाने खोका उचलून "बरा बांधलाय" म्हटल्यावर सावकाशराव घरी आले ते गादीवर बसलेल्या राजासारखे.

तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी फोन वाजला, बायकोने उचलला, दोन शब्द ऐकले आणि फोन त्यांच्यापुढे धरला. "तुम्हाला मागतेय."

सावकाशरावांनी आधी शर्टाचं वरचं बटण लावलं, मग फोन घेतला.

"बाबा, तुम्ही बरे आहात ना?"

"फुटलं का?"

"काय?"

"घड्याळ."

"नाही हो, छान चालतंय. तुम्ही कसे आहात ते सांगा. खरं सांगा. डोळ्यांचं काही झालंय का? हाताला काही लागलंय?"

"मला काय धाड भरलीय?"

"मग पेपर कुठे आहेत?"

सावकाशरावांना काही उमगेना. मग तिकडून ठकीने सगळं सांगितलं. खोका आला, की आधी बोळे बाहेर निघतात. जेवणाच्या टेबलावर एकेक पान पसरायचं, पातेल्याच्या बुडाने सपाट करायचं, आणि मग ती लाल अक्षरं मोठ्याने वाचायची. मागे सहा-सात जण रांगेत उभे असतात. मोज्यांचं नंतर बघतात.

"'पूल जूनपर्यंत पूर्ण होणार', त्याच्यापुढे तुम्ही लिहिलंय, 'कोणत्या सालच्या?' आमच्याकडे आता कुठलाही साहेब काही कबूल करून गेला, की सगळे तेच म्हणतात. आमचा आचारी तर तुमचा भक्तच झालाय. आणि ते राशिभविष्य. 'आज जवळच्या व्यक्तीशी मनमोकळा संवाद होईल.' खाली तुम्ही लिहिलंय, 'फोन रविवारी असतो. अकरा सेकंद.'"

सावकाशराव आठवून पाहू लागले. हे आपण लिहिलं होतं?

"मागच्या वर्षी कवायतीचा एक फोटो होता," ठकी म्हणाली. "बावीस चेहरे. तुम्ही प्रत्येकाखाली लिहिलंय, 'ही नाही.' बाबा, त्यातले पंधरा तर पुरुष होते."

ती हसली. "फोनवर तुम्ही असता कुठे? कागदावर असता. या वेळी खोका उघडला, तर नुसते फुगे. म्हटलं, लिहिणाऱ्या हातालाच काही... जाऊ दे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच. चार दुकानं पालथी घातली, आणि जी भेट तिला हवी होती ती रद्दीवाल्याच्या हातगाडीवर स्वतः नेऊन ठेवली. सावकाशरावांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली, पण हातात फोन होता.

"मग आता काय पाठवू?"

"काहीही. फुटणारं काहीतरी पाठवा. म्हणजे कागद जास्त लागतो."

"बरं," सावकाशराव म्हणाले. आणि इतकं सगळं ऐकल्यावरही पुढचं वाक्य तोंडातून सुटलंच, "आईला देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेपर आणि पेन्सिल घेऊन बसले. हवामान वाचलं. पुलाची बातमी वाचली. काही सुचेना. आता हे ठकी वाचणार, मागे आचारी उभा असणार, या विचाराने हात आखडला. तासाभराने हवामानाशेजारी त्यांनी लिहिलं, 'इकडे हवा ठीक. तब्येतीला जप.' वाचून त्यांचा त्यांनाच राग आला. असली वाक्यं तर ते फोनवर फुकट देत होते. ते पान त्यांनी फाडून टाकलं.

पाच दिवस पेपर कोरा. बायको चहा ठेवता ठेवता म्हणाली, "हल्ली सगळं खरंच छापून येतंय वाटतं?"

सहाव्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. परदेशातल्या तुकडीचा मुक्काम सहा महिन्यांनी वाढवला आहे. मार्चमध्ये कोणी परतणार नाही. आणि शेवटचं वाक्य: 'जवानांच्या कुटुंबीयांनी या निर्णयाचं स्वागत केलं आहे.'

पेन्सिल कधी उचलली, ते सावकाशरावांना आजही सांगता येत नाही.

'साफ खोटं. या घरात कुटुंबीय दोन. दोघांनाही कोणी विचारलं नाही. बातमी देणाऱ्याने एका रविवारी आमच्या फोनजवळ येऊन बसावं.' समास संपला. त्यांनी पान फिरवलं. 'मुलगी काम चांगलं करते. बापाने गॅरेजवरून जे म्हटलं होतं, ते मूर्खपणाचं होतं. ते वाक्य मी मागे घेतो. चार वर्षं घ्यायचं होतं.' पुन्हा फिरवलं. 'पण ती घरी यायला हवी. तिच्याशिवाय घर नुसतं बांधून ठेवल्यासारखं आहे.' चौथी बाजूही भरली. भांडायला बसले होते संपादकाशी, आणि लिहून बसले होते भलत्यालाच.

त्याच दुपारी खोका काढला. फुटणारं म्हणून कपाटातला एक ग्लास घेतला, निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने दिलेल्या सहातला. गेल्या पाच दिवसांची कोरी पानंही तशीच बोळे करून चारी बाजूंनी ठासली. आता ग्लासाला लगटून एक शेवटचा बोळा हवा होता, आणि हातात ते लाल पान होतं. सावकाशरावांनी मूठ वळायला घेतली, आणि थांबले. चुरगळलं तर पेन्सिल पुसट होईल. एखादा शब्द जाईल. त्यांनी ते पान सपाटच ग्लासाभोवती एक वेढा देऊन ठेवलं. याने काय होणार, हे त्यांच्याइतकं जगात कोणाला ठाऊक होतं? तरी त्यांनी झाकण लावलं.

साडेतीन आठवड्यांनी रविवारी फोन वाजला. या वेळी त्यांनीच उचलला.

"बाबा," ठकी म्हणाली, "ग्लास फुटला."

"फुटू दे. पान?"

"पान नीट आहे. सगळं वाचता येतंय." ती थांबली. "ते मी रांगेला नाही वाचून दाखवलं."

अकरा सेकंद कधीच उलटून गेले होते. बायको शेजारी येऊन, फोनसाठी हात पुढे करून उभी राहिली.

"आईला देऊ?" त्यांनी विचारलं.

"थांबा ना," ठकी म्हणाली.

सावकाशरावांनी पायाने खुर्ची ओढली आणि ते बसले.