लाखेतलं दही

आज बाबांचा स्मृतिदिन आहे आणि मला गोडगोड काही लिहायचं नाहीये.

परवा केमिस्टनं अँटिबायोटिकसोबत प्रोबायोटिकची कॅप्सूल दिली. म्हणाला, "आजी, यातले बॅक्टेरिया पोटातल्या ॲसिडनं मरत नाहीत. वरून कोटिंग असतं. नवीन टेक्नॉलॉजी आहे."

नवीन!

अरे बाळा, माझ्या बापानं हे साठच्या दशकात अकोल्यात करून पाहिलं होतं.

बाबा बार्शीटाकळीचे. अमरावतीला बी.एस्सी. झाले आणि अकोल्याच्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले. आम्ही धम्म घेऊन काही वर्षं झाली होती. आमच्या लेखी आम्ही बौद्ध. कॉलेजच्या लेखी आम्ही होतो तेच होतो.

तेव्हा हगवणीनं लेकरं पटापट खंगायची. दह्यातले जिवंत जंतू आतड्यापर्यंत पोचले तर पोट सावरेल, असं बाबांच्या डोक्यात बसलं. पण वाटेतच जठरातलं ॲसिड त्यांना मारतं.

मग त्यांनी आईच्या हातचं दही धारणीच्या जंगलातून आणलेल्या डिंकात कालवलं. वाळवून बारीक दाणे केले. वर लाखेचा पातळ थर, कारण लाख ॲसिडात विरघळत नाही, सोड्यात विरघळते.

टेस्ट साधी होती. दाणे आधी ॲसिडात, मग सोड्याच्या पाण्यात, म्हणजे आतड्यात गेल्यासारखं. शेवटी कोमट दुधात. सकाळी दही लागलं, तर जंतू वाचले.

कितीतरी दूध वाया गेलं. आई करवादायची.

एका सकाळी लागलं. घट्ट, कवडीसारखं.

बाबा वाटी घेऊन विभागप्रमुखांकडे गेले. साहेबांनी शिफारस केली असती, तर सरकारी दवाखान्यात दाणे देऊन बघता आले असते. बाबांना तेवढंच हवं होतं.

साहेब खूश. चमचा भरला, तोंडाशी नेला.

"विरजण कुणाकडचं?"

"माझ्या घरचं, सर."

चमचा खाली.

"हे काही सायंटिफिक वाटत नाही," म्हणाले.

घरी आई कडाडली, "हाटेलातलं हाये म्हणले असते, त जीभ झडली असती काय तुमची?"

बाबा जेवले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात कॉलेजचा शिपाई आमच्या मागच्या दारी आला.

"साहेबाचा नातू लय खंगला. थे दाने हायेत का, म्हणले."

आई म्हणाली, "काहून द्याचे? चमचा ठेवला तवा कोठी गेल्ती गरज?"

"लेकरानं थोडीच ठेवला चमचा," बाबा म्हणाले आणि बाटली काढून दिली.

पोरगा बरा झाला. दाण्यांनी की दवाखान्याच्या औषधानं, मला माहीत नाही. खोटं कशाला बोलू?

बाबा मात्र इस्त्रीचा सदरा घालून कॉलेजात गेले. आता साहेब बोलावतील, दवाखान्याला लिहितील. किती भोळा माणूस!

संध्याकाळी पुन्हा तोच शिपाई. बिचारा मान खाली घालून उभा.

"साहेब म्हणे, कोनाले सांगू नोका."

बाबा म्हणाले, "बरं."

तेवढंच.

नंतर त्यांनी दाणे कधीच केले नाहीत. आणि मरेपर्यंत कुणाला सांगितलंही नाही. शब्द पाळला. असल्या माणसाला दिलेला शब्द! अजून संताप होतो माझा.

मी कुणाला शब्द दिलेला नाही.

म्हणून सांगतेय, सगळ्यांना. साहेबांच्या घरात माझ्या आईच्या विरजणाचे दाणे खाल्ले गेले होते. ते माझ्या बापानं केले होते.

जय भीम, बाबा.