एका ‘आवं’च्या मागावर

सर्व संबंधितांस कळवण्यास अत्यंत दुःख होते की, मी माझ्या नवऱ्याला नावानं हाक मारते आणि तो येत नाही. प्राणी आणि माणसं नुसत्या आवाजानं एकमेकांना काय सांगतात, याचा जन्मभर अभ्यास केलेल्या मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेची ही अवस्था. विश्रामबागेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरातून हॉलमध्ये मला फोन लावावा लागतो.

आमच्या शास्त्रात एका हाकेला फार मान आहे. दिसेनासं झालेलं आपलं कुणी जवळपास आहे ना, एवढंच ती विचारते. साताऱ्याच्या डोंगरात वानरांच्या मागे उन्हातान्हात फिरून मी ती टिपली. सातभाईंच्या थव्यात टिपली. पाळण्यातलं बाळ ‘हुं’ करतं आणि आई पलीकडच्या खोलीतून ‘हुं’ करते, तीही टिपली. फक्त जिच्यामुळे हे वेड लागलं, ती एक राहून गेली.

कराडजवळच्या आमच्या गावात आई वडिलांना ‘आवं’ म्हणायची. नाव घेण्याचा प्रश्नच नव्हता. वडील पलटणीतून घरी आले ते एक कान तोफांना देऊन. देवळावरचा भोंगा त्यांना ऐकू येत नसे, वसुलीला आलेला माणूस तर मुळीच नाही. पण आईनं स्वयंपाकघरातून ‘आवं’ म्हटलं, की गोठ्यातून लगेच ‘आलो, आलो’ असं उत्तर यायचं. ‘आ’ खालून उचललेला, आणि ‘वं’ वर नेऊन तिथंच टांगून ठेवलेला. चहा झालाय, पावणं आलेत, आज अंगात कसकस आहे, सगळं त्या टांगलेल्या टोकात. मी लहानपणी हुबेहूब नक्कल करायचे. वडील ढिम्म. आई मात्र पदरात तोंड लपवून हसायची.

गेल्या उन्हाळ्यात वडील गेले. हाकही गेली. दूध न्यायला येणाऱ्याला, गावच्या विकास सोसायटीच्या सेक्रेटरीला आई अजून ‘आवं’ म्हणते, पण ते सपाट, रस्त्यावरचं. मला ते टांगलेलं हवं होतं. एकदाच, कानांनी. सगळी वानरं, सगळे सातभाई मी त्याच्या बदल्यात देऊन टाकले असते.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत गावी जाऊन मी पावटा सोलत बसलेल्या आईसमोर रेकॉर्डर ठेवला.

“ह्ये काय गं?”

“आई, एकदा ‘आवं’ म्हण. त्यांना म्हणायचीस तसं.”

“कुणाला म्हणू? भितीला?”

“मला म्हण.”

“तुला? वानरांनी पुरतं येडं केलंय बघ तुला.”

मी चिकाटी सोडली नाही. शेवटी तिनं पदर सारखा केला, घसा खाकरला आणि ध्वजवंदनाला उभं राहिल्यासारखं म्हणाली, “आवं.”

आम्ही दोघी रेकॉर्डरकडे बघत राहिलो.

“असलं आवं ऐकून,” आई म्हणाली, “तुझा बाप काय, मांजरबी उठलं नसतं.” आणि पुन्हा पावटा सोलायला लागली. तिचे हात मात्र मंदावले होते.

चूक माझीच. वानरांना मी कधी ‘आता हाक मारा बरं’ असं सांगितलेलं नाही. हाक मागून मिळत नाही, हे मी दरवर्षी नव्या वर्गाला ठणकावून सांगते. रेकॉर्डर मी बॅगेत घातला. आता ती हाक कुणालाच ऐकू येणार नाही, ही गोष्ट त्या दुपारी मी पहिल्यांदा खरी मानली.

संध्याकाळी मी परसात अनवाणी उभी राहून दोरीवरचे कपडे काढत होते. आई आत भाकरी थापत होती. म्हशीनं दावं कधी तोडलं कळलं नाही. कुंपणातल्या बाभळीच्या फांद्या तुडवून ती शेजारच्या उसाकडे निघाली होती, आणि ते आईला खिडकीतून दिसलं.

“आवं, म्हस सुटली.”

खालून उचललेला ‘आ’, वर टांगलेला ‘वं’. सगळं जागच्या जागी. उत्तरासाठी ठेवलेली ती जराशी जागासुद्धा.

प्राध्यापिकाबाईंच्या तोंडून ‘आले’ निघायला हवं होतं. निघालं, “आलो, आलो.”

भाकरीचा आवाज क्षणभर थांबला. मग आतून, तव्यावर वाकलेली मान वर न करता, आई बोलून गेली,

“चपला घालून जावा. काटं हायती तितं.”