आबांच्या रोपातली बुरशी

गेल्या पावसाळ्यात चाकणजवळच्या आमच्या गावात कांद्याला पीळ पडला. पात वेटोळी झाली, कांदा पोसलाच नाही. सगळ्यात आधी चुलत्यांचं शेत बसलं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सख्ख्या धाकट्या भावाला चावडीवर चारचौघांत झापलं: मी दिलेल्या रोपात बाजारचं रोप मिसळलंस, तूच रोग आणलास. चुलते खाली मान घालून घरी गेले. तेव्हापासून बोलणं बंद.

मी चिंचवडला एका लॅबमध्ये बुरश्यांचे जीनोम, म्हणजे त्यांची सगळी जनुकीय अक्षरं, वाचते. मलाही चुलत्यांचाच राग आला होता. म्हटलं, थांबा, पुरावाच आणते. आमच्या, त्यांच्या आणि शेजारच्या गावांतल्या शेतांतली पिळलेली पात आणली, तिच्यातली बुरशी वाढवली. बुरशीतले बारीक बदल पुढच्या पिढ्यांत उतरतात, त्यामुळे जीनोम शेजारी शेजारी ठेवले की कोण कुणापासून निघालं ते कळतं.

त्या वंशावळीत आमच्या वाफ्यातली बुरशी बुंध्याशी, बाकी सगळ्या तिच्याच फांद्या! मी हबकलेच. नमुन्यांची अदलाबदल झाली असणार म्हणून सगळं पहिल्यापासून केलं. परत तेच. वर एका जनुकात एकच अक्षर बदललेलं, आणि तेवढ्यानं आबांचं लाडकं बुरशीचं औषध बिनकामाचं झालेलं. कपाळ माझं!

आमच्याकडे रोप विकत नाहीत, मागेल त्याला देतात. पहिली जुडी चुलत्यांची. दुसऱ्याच्या रानात रोग जाऊ नये म्हणून आबा प्रत्येक जुडी औषधात बुडवून द्यायचे, वर्षानुवर्षं त्याच एका औषधात. नाजूक बुरशी त्यात मरायची, चिवट तेवढी उरायची, आणि तीच आम्ही गावोगाव वाटत होतो. मायेनं, बरं का.

हे सांगायला रविवारी घरी गेले, तर ओट्यावर चुलते बसलेले. गेल्या साली चुकलो, असं स्वतःहून म्हणायला आले होते, आणि यंदाही तुझंच रोप दे म्हणत होते. आबा खुशीत होते, जुड्या बादलीत बुडवत होते. गप्प बसावं असं फार वाटलं, पण त्या जुड्या आता चुलत्यांच्या रानात जाणार होत्या. मी सगळं सांगून टाकलं.

आबांचा हात बादलीतच राहिला. मी तर औषध लावून देत व्हतो, एवढंच पुटपुटले. त्या औषधानंच ती चिवट बुरशी निवडली गेली, म्हटलं. मी थोबाडीत मारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला रडू फुटलं.

मग ते भावाकडे वळले.

"तू बाजारचं रोप मिसळलं व्हतंस का रं?"

"न्हाई."

"मग त्या दिशी चावडीवर बोलला का न्हाईस?"

"तू म्हणतुयास म्हंजी माझ्याच हातनं कायतरी झालं आसंल, आसं वाटलं, दादा."